लुकाची केळ

सकाळी अंगणाचं दार उघडलं तेव्हा लुकाची केळ कालच्यापेक्षा वीतभर जास्त झुकलेली होती. घरातल्या प्रत्येकानं ते पाहिलं आणि प्रत्येकानं मान दुसरीकडे वळवली. संत निकोलाचा दिवस, बारोविचांच्या कुळाचा सण. अशा दिवशी तोंडातून वावगा शब्द काढायचा नसतो. म्हणून झोर्का माशांचे खवले काढत राहिली, मारे उकडलेल्या गव्हात साखर कालवत राहिली, आणि त्रिपोनं सिगारेट पेटवून खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.

डोंगराचं लक्षण ठीक नव्हतं. ओर्येनच्या माथ्यावर ढगांची पांढरी टोपी बसली होती. ती बसली की दुपारपर्यंत डोंगरवारा खाली उतरतो आणि नोवी गावात कौलं उडायला लागतात.

"दारिंका कुठाय?" स्तानेनं विचारलं.

"मागे. वल्हं नीट करतेय," मारे म्हणाली.

वल्हं म्हणजे केळीला दिलेला टेकू. जुन्या होडीचं एक वल्हं होतं, तेच लावलं होतं.

"तिला म्हणावं, रेटू नकोस. नुसतं टेकव."

"आई, तिला कळतं."

"कळतं तर दोनदा घसरलं कसं?"

म्हातारी स्ताने सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली. आवाज मात्र अजून ताठ होता. नवरा गेल्यापासून घर तिच्या या आवाजावर चालत होतं. थोरला त्रिपो नि त्याची बायको झोर्का वरच्या आळीत राहायची, मुलगी मारे कोटोरला दिलेली. या घरात स्ताने, धाकटा लुका आणि त्याची बायको दारिंका. त्यातला लुका बारापैकी नऊ महिने समुद्रावर, म्हणजे घरात खरं तर दोन बायका आणि भिंतीशी केळी.

नोवीतल्या प्रत्येक दर्यावर्दी घरामागे काहीतरी परमुलखातलं झाड असतंच. कुणाकडे कापूर, कुणाकडे घायपात. बारोविचांच्या पणज्यानं जपानातल्या कुठल्याशा बंदरातून केळीचा एक कंद आणला होता, त्याचीच ही लेकरं-नातवंडं. फळ धरलंच तर बोटाएवढं आणि आत नुसत्या बिया. निव्वळ शोभा. पण त्या शोभेचे लाड असे, की शेजारीण म्हणायची, जन्म घ्यावा तर बारोविचांकडे, आणि तोही केळीचा. वसंतात बुंध्याशी माशांची आतडी आणि तबेल्यातलं खत. उन्हाळाभर भाज्या धुतलेलं पाणी. थंडी लागली की पानं छाटायची, खोडाभोवती वाळका नेचा बांधायचा, त्यावर शिडाचं जुनं कापड गुंडाळायचं आणि वर एक कौल उपडं घालायचं, म्हणजे पोग्यात, शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, पाणी शिरून गाभा कुजत नाही. हे सगळं स्ताने लग्न होऊन आली त्या वर्षापासून स्वतःच्या हातानं करत आली होती.

आणि एक नियम होता. घरातला पुरुष पहिल्यांदा जहाजावर निघाला की थोरल्या केळीचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, वेगळा करून त्याच्या नावानं लावायचा. तो समुद्रावर असेपर्यंत त्याच्या केळीला लोखंड लावायचं नाही. सुरी नाही, विळा नाही, कुदळ नाही. थंडीत तिची पानं न छाटता नुसती मुडपून बांधायची. तो परतला की आधी मागच्या अंगणात जायचा, वाळकी पानं स्वतः कापायचा, मग घरात येऊन कॉफी प्यायचा. आजवर कुणी हा नियम मोडला नव्हता, आणि मोडला तर काय होईल हेही कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

ऑगस्टमध्ये लुकाच्या केळीला केळफूल आलं. बघायला गाव लोटलं. स्ताने मात्र त्या दिवशी जेवली नाही. केळ एकदाच फुलते आणि मग जाते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अशा वेळी खोड कापून टाकायचं, म्हणजे मुनव्याला जोर येतो. पण लुका मे महिन्यात गेलेला. ऑक्टोबरात येणार होता, जहाज दुसरीकडे वळवलं. डाकारहून फोन आला तेव्हा म्हणाला, "सणाला पोचतो, आई. त्या म्हातारीला तोवर उभी ठेव." म्हातारी म्हणजे केळ. त्यानंतर फोन नाही.

म्हातारीला उभी ठेवली होती. पण बुंध्यापासून ती सडत चालली होती, वरचं ओझं उतरलं नव्हतं, आणि ज्या बाजूला ती झुकत होती नेमका त्याच बाजूला तिचा एकुलता धड मुनवा होता. बाकीचे गोगलगायींनी खाल्ले होते.

"मी पुन्हा एकदा म्हणतो," त्रिपो खिडकीतून वळून म्हणाला, "कापून टाकू या. वाऱ्यात पडली तर मुनवा चिरडेल आणि कोठाराचं छप्परही जाईल."

"दोरीनं भिंतीला बांध," मारे म्हणाली.

"बांधली होती. दोरी खोडात रुतली, लोण्यात रुतावी तशी. अजून आवळली तर दोरीच कापेल तिला."

"मग राहू दे. आई नाही म्हणतेय ना."

"तू कोटोरहून येऊन दोन दिवस नाही म्हणणार, निस्तरायचं आम्ही."

"आम्ही म्हणजे? वरच्या आळीतून तू कितीदा खाली येतोस रे दादा?"

"पुरे," स्ताने म्हणाली. "आज सण आहे. माझा मुलगा येईल आणि तो कापेल. पाव झाकून ठेव, मारे, वाळतोय."

'माझा मुलगा' हा शब्द त्रिपोच्या कानाला नेहमी लागायचा. पन्नाशीला आलेला माणूस, बंदराच्या कचेरीत साहेब म्हणवून घेणारा, पण भिंतीशी त्याच्या नावाची केळ नव्हती. तो कधी समुद्रावर गेलाच नव्हता. होडीत बसला की त्याला ओकाऱ्या होत. लहानपणी त्यानं एकदा आईला विचारलं होतं, माझी कुठली? ती हसून म्हणाली होती, तुला कशाला, तू तर इथंच आहेस.

त्यानं सिगारेट विझवली आणि झोर्काला डोळ्यानं कोठीघरात बोलावलं.

कोठीत वाळवलेल्या माशांचा उग्र वास होता. त्रिपोनं दार ओढून घेतलं.

"लुकाचं जहाज रविवारपासून उत्तर देत नाही," तो म्हणाला.

झोर्का हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. "कोण म्हणतं?"

"काल कचेरीत निरोप आला. कंपनी सगळ्या बंदरांना विचारतेय. बिस्केच्या उपसागराबाहेर मोठं वादळ होतं."

"काल? काल संध्याकाळी तू माझ्याशी पत्ते खेळत बसलास."

"मग काय करणार होतो?"

"आणि जिंकलाससुद्धा."

"झोर्का, रेडिओ बिघडतो. दहादा बिघडतो. अजून काही ठरलेलं नाही. सण होऊ दे, मग मी आईला नीट सांगेन. तू कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" झोर्का म्हणाली.

तिला खरोखरच बोलायचं नव्हतं. पण ती स्वयंपाकघरात परतली, तिनं बटाट्यात दुसऱ्यांदा मीठ घातलं, आणि मारेनं "वहिनी, झालं काय तुला?" असं विचारलं, तेवढं पुरलं. झोर्काच्या पोटात बातमी कधीच मुक्कामाला राहिली नव्हती. नळ सोडून, पाण्याच्या आवाजात, तिनं सगळं सांगितलं.

मारे ऐकत होती आणि ओट्यावरच्या पावाकडे बघत होती. सणाचा गोल पाव, वर कणकेचा क्रूस. घरधन्यानं तो हातात धरायचा, सगळ्यांनी त्याला हात लावून फिरवायचा, मग कापून त्यावर वाइन ओतायची. घरधनी लुका. लहानपणी पाव फिरवताना तो मुद्दाम उलट्या बाजूला ओढायचा आणि मार खायचा. मारेला एकदम रडू आलं. तिनं पदर शोधावा तसा ॲप्रन शोधला आणि डोळे पुसून मागच्या अंगणात गेली.

दारिंका केळीशी उकिडवी बसली होती. वल्ह्याच्या टोकाखाली ती सपाट दगड सरकवत होती. हात गारठून लाल झालेले.

"ताई, हे धरा जरा. मी म्हणेन तेव्हा सोडा."

मारेनं वल्हं धरलं. मग सोडायची वेळ आली तरी तिनं सोडलं नाही, आणि वल्ह्याला धरूनच तिनं सगळं सांगून टाकलं.

दारिंका डोंगरातली. तिच्या माहेरी समुद्र कुणी नीट पाहिलेलाही नव्हता. अकरा वर्षं या घरात काढूनही गल्लीतल्या बायका तिला डोंगरवालीच म्हणत. केळीच्या नियमाला ती मनातून हसायची, आणि तरी तिनं लुकाच्या केळीला कधी नख लावलं नव्हतं. आता तिनं एकच विचारलं.

"बुडालं असं म्हणाले?"

"नाही. उत्तर देत नाही, एवढंच."

"आईंना माहीत आहे?"

"नाही. दादा सण झाल्यावर सांगणार आहे."

दारिंकानं वर पाहिलं. केळफुलाचा वाळका देठ वाऱ्याशिवायही हलत होता. "सण होईपर्यंत ही उभी राहिली तर," ती म्हणाली.

सकाळी लोखंड लावायला नको म्हणणारी मारे हळूच म्हणाली, "दारिंका, तुला कापायची असेल तर मी आईला घरात धरून ठेवीन."

दारिंकानं वल्हं मारेच्या हातातून घेतलं आणि पुन्हा टेकवलं.

सणाला नोवीत कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला यायचं तो येतो आणि आलेल्याला बसवावं लागतं. अकरानंतर माणसं यायला लागली. शेजारचा यॉको काका, जन्मभर जहाजं बंदरात आणून लावणारा, दोन पेले पोटात गेल्यावर खिडकीशी उभा राहून म्हणाला, "स्ताने, ती केळ काप आता. तासाभरात वारा येतोय."

"लुका आला की कापेल."

"मग येतोय कधी?"

त्रिपो म्हणाला, "वाटेत आहे."

स्तानेनं त्याच्याकडे पाहिलं. ती मेणबत्तीशी बसली होती. सणाची जाड मेणबत्ती, सकाळपासून तेवणारी. तिनं पाहिलं, की त्रिपोनं पाव कापायच्या आधीच दुसरा पेला घेतलाय. एरवी तो पहिलाही घेत नाही. तिनं झोर्काकडे पाहिलं. झोर्का मीठदाणी पुसत होती. मारेचे डोळे सुजलेले. पण तिनं विचारलं नाही. विचारलं की कुणीतरी उत्तर देईल, याची तिला भीती वाटत होती.

"आई, बारा वाजून गेले," त्रिपो म्हणाला. "पाव मी धरू का?"

"थांब जरा."

"लोक उपाशी बसलेत."

"थांब म्हटलं ना."

तेवढ्यात वारा आला. आधी कौलांवरून एक लांब घरघर गेली, मग मागचं दार धाडकन आपटलं आणि अंगणात वल्हं दगडावर पडल्याचा आवाज झाला.

दारिंका उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं मासे कापायची मोठी सुरी उचलली आणि सगळ्यांच्या देखत मागच्या दाराकडे निघाली. त्रिपो आडवा आला.

"आज नको, दारिंका."

"सकाळी तुम्हीच म्हणत होतात, दादा."

"सकाळची गोष्ट वेगळी. आज नको. हात जोडतो."

"तुम्हालाही भीती वाटते?"

बंदराच्या कचेरीत त्रिपो वादळांचे आकडे रोज वाचायचा, आणि आता एका सडक्या झाडाला सुरी लागेल म्हणून तो दार अडवून उभा होता.

"जाऊ दे तिला, दादा," मारे म्हणाली.

"तू? तूच तर नको म्हणत होतीस."

"आता म्हणत नाही. सर बाजूला."

तो सरला. दारिंका बाहेर पडली. मारे वळून आईला धरायला आली, तर खुर्ची रिकामी होती. म्हातारी बाजूच्या दारानं आधीच अंगणात पोचली होती.

वाऱ्यानं तिचा रुमाल डोक्यावरून मागे पडला होता. केळ कोठाराच्या छपरावर एकदा आदळून परत आली होती आणि बुंध्याशी करकरत होती. दारिंकानं तिला खांदा दिला होता, एका हातात सुरी.

"सुरी खाली ठेव," स्ताने म्हणाली.

"नाही ठेवणार, आई."

"माझं ऐकायचं नाही?"

"आज नाही."

स्ताने जवळ आली. वाऱ्यात ओरडून बोलावं लागत होतं, तरी तिनं हळूच विचारलं, आणि दारिंकाला ते ऐकू आलं. "जहाजाचं काय कळलंय?"

दारिंकानं खोटं सांगायचं मनात आणलं होतं. जमलं नाही. "रविवारपासून उत्तर देत नाही. बुडालं असं कुणी म्हटलेलं नाही. नुसतं उत्तर देत नाही."

"त्रिपोला माहीत होतं."

"हो."

"मारेला? झोर्काला?"

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"यॉको काकांना नाही."

म्हातारीच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं. मग ती म्हणाली, "आणि हे कळल्यावर तू हिला सुरी लावायला निघालीस?"

"हे कळलं म्हणूनच निघाले." दारिंकाचा श्वास पुरत नव्हता, खोड जड होतं. "वाऱ्यानं पाडली तर तुम्ही म्हणाल, तो गेला. बातमीची वाटसुद्धा बघणार नाही तुम्ही. आजपासून काळे कपडे घालाल. मी कापली तर म्हणाल, हिनं कापली. मला बोला. रोज बोला. पण तो गेला असं म्हणू नका. मला ते ऐकवणार नाही."

दारात सगळे गोळा झाले होते. कुणी उंबरा ओलांडला नाही.

स्तानेनं हात पुढे केला. "दे इकडे."

"आई..."

"दे म्हणते ना. आणि तू धर नीट, मुनव्यापासून लांब, भिंतीकडे ढकल. मी वरून तिरकी येते. तुला येत नाही, तू मासा कापल्यासारखी कापशील."

दारिंकानं सुरी दिली. म्हातारीनं क्षणभरही थांबून क्रूसाची खूण केली नाही. तिनं दोन्ही हातांनी सुरी धरून खोडात घातली आणि ओढली. खोडाच्या थरांचं सोपटामागून सोपट उघडत गेलं, आतलं गार पाणी तिच्या सणाच्या पांढऱ्या बाह्यांवरून कोपरापर्यंत वाहिलं. त्या पाण्याचे डाग पुन्हा कधी निघत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. गाभा काळा पडलेला होता. शेवटी एक ओला आवाज झाला, दारिंकानं सगळा जोर लावून खोड भिंतीकडे लोटलं, आणि लुकाची केळ भिंतीशी आडवी झाली. मुनवा गुडघाभर उंच, हिरवा, तसाच उभा होता.

स्ताने खाली बसली. गुडघे टेकून तिनं कापलेल्या खोडाची दोन धड सोपटं ओढून काढली आणि मुनव्याभोवती गुंडाळायला लागली. एकटीला दोन्ही टोकं जुळवता येईनात. दारिंका शेजारी बसली आणि तिनं दुसरं टोक धरलं.

"मी कापणारच होते," दारिंका म्हणाली. "तुम्ही का घेतलीत?"

स्तानेनं गाठ मारली, सुटली, पुन्हा मारली.

"मी स्वतःला ओळखते म्हणून," ती म्हणाली. "उद्या वाईट बातमी आली असती तर तुझं तोंड बघितलं की मला सुरी दिसली असती. मरेपर्यंत मी तुझ्याशी अबोला धरला असता. आणि या घरात मग आपण दोघीच असणार. आता मीच कापली. आता अबोला धरू कुणाशी?"

दारिंकानं म्हातारीचा चिकानं चिकट झालेला हात दोन्ही हातांत धरला, आणि म्हातारीनं तो सोडवून घेतला नाही.

"मला फार भीती वाटते गं," स्ताने म्हणाली.

"मलाही, आई."

वारा वाढत होता. दारातून त्रिपो कोठीतला नेचा आणि शिडाचं कापड घेऊन आला, आणि काही न विचारता त्या दोघींच्या शेजारी गुडघे टेकून बसला.